डीजे कोण, प्रोड्यूसर कोण आणि बटणं कोण दाबतं

"ते कसले संगीतकार, नुसती बटणं तर दाबतात!" इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांबद्दल हे ऐकलं की मी हल्ली वाद घालत नाही. फक्त विचारते, कुणाबद्दल बोलताय? कारण बघितलेला असतो डीजे आणि निकालात काढलेला असतो प्रोड्यूसर. पुष्कळदा दोन्ही कामं एकच माणूस करतो, म्हणून घोळ होतो, हे मान्य. पण कामं दोन आहेत.

डीजे सगळ्यांना माहीत आहे. रेकॉर्ड झालेली, तयार गाणी तो एकमेकांत मिसळत वाजवतो. चालू गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं, येणारं १२६ चं. मग येणाऱ्याचा वेग साधारण १.६ टक्क्यांनी कमी करायचा, हेडफोन एका कानाला लावून ठोक्यावर ठोका बसवायचा. आता हे सिंकचं बटण करतं आणि त्यावरून नाकं मुरडणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. ठोके जुळवणं हा त्या कामातला सोपा भाग. समोरची माणसं दमली आहेत की पेटली आहेत हे ओळखून पुढचं गाणं काढणं अवघड.

प्रोड्यूसर म्हटलं की लोकांना पैसे घालणारा निर्माता आठवतो. इथे तो अर्थ सोडून द्या. इलेक्ट्रॉनिक संगीतात चाल बांधणारा, वाद्यमेळ रचणारा, वाजवणारा आणि शेवटी आवाजांचा तोल साधणारा, असा सगळा तोच असतो.

खरी गडबड होते ती वेळेची. गायक किंवा तबलजी आपल्याला ऐकू येतं त्याच क्षणी संगीत निर्माण करत असतो, आणि आपण कौशल्य मोजतो ते त्या क्षणात. प्रोड्यूसरचं काम त्या क्षणात नसतंच. आठ मात्रांचा तुकडा तो चार दिवस घडवतो. तो मंचावर येतो तेव्हा काम कधीच संपलेलं असतं. तिथे त्याचे हात बघून त्याला जोखणं म्हणजे कवीला त्याच्या अक्षरावरून मार्क देणं.

त्या चार दिवसांत तो करतो काय? एकच गोष्ट जवळून बघू. किक, म्हणजे तो छातीत बसणारा ठोका, आणि त्याखालचा बेस, म्हणजे खर्जातले सूर. दोघांचा जोर बऱ्याचदा ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. एकत्र वाजले की नुसता चिखल. म्हणून किक पडला की बेसने क्षणभर दबायचं आणि परत वर यायचं, अशी सोय करतात. तिला साइडचेन म्हणतात. १२४ च्या गतीला एक ठोका सुमारे ४८४ मिलिसेकंदांचा. बेस १०० मिलिसेकंदांत परतला तर चाल ताठ वाटते. ३०० लावले तर तेच गाणं झुलायला लागतं. सूर तेच, मात्रा त्याच, आणि नाचणाऱ्याची कंबर वेगळी हलते. हे ज्याला कानाने कळतं त्याला लय कळते. याला संगीत म्हणायचं नसेल तर मला दुसरा शब्द सुचवा.

वाद्याचंही तेच. रोलँड या वाद्यकंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ हे यंत्र काढलं ते साथीला बेस गिटारची जागा भरायला. त्या कामात ते सपशेल पडलं आणि काही वर्षांत बंद झालं. पण १९८२ मध्येच मुंबईत हिंदी चित्रपटांतले वादक चरणजित सिंग यांनी तेच यंत्र टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांच्या जोडीने घेऊन राग रेकॉर्ड केले होते. पुढे शिकागोतल्या पोरांनी वापरलेली यंत्रं स्वस्तात उचलली, स्वरमालिका चालू असतानाच आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरची चकती फिरवत राहिले आणि त्या चिरक्या, वळवळत्या आवाजातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत जन्माला आलं. यंत्र कंपनीचं, पण ते वाजवायचं कसं हे यांनी शोधलं. (तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे, विकत घेऊन एकावर एक रचणारे आणि खाली स्वतःचं नाव टाकणारे माझ्या हिशेबात नाहीत.)

मग डीजे संगीतकार आहे का? माझं उत्तर: बहुतेक वेळा नाही, आणि यात अपमान काही नाही. चांगल्या दिवाळी अंकाचा संपादक लेखक नसतो, तरी अंक त्याचाच असतो. अपवाद स्क्रॅच करणाऱ्यांचा. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये तबकडी सुईखाली मागेपुढे ओढून त्यातून ताल काढायला सुरुवात झाली. तो माणूस वादक आहे, सरळ सरळ. त्याच्यासाठी टर्नटेबल हे वाद्य आहे.

आणि हो, लबाडी असते. एकदा मी अगदी कडेला उभी होते, मिक्सर स्पष्ट दिसत होता. सगळे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या दांड्या, खाली आणि गाणं मात्र दणक्यात चालू. आख्खा सेट आधीच रेकॉर्ड केलेला; हा बाबा दोन्ही हात वर करून नाचत होता. डीजे म्हणून शून्य. पण गाणी सगळी त्याचीच होती, आणि बेस काय सुरेख बसवला होता!