एकसर की समांतर? आकृतीवर जाऊ नका, फाटे बघा

एकसर जोडणीत रोधांची बेरीज, समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज करून ती उलटवायची. शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, म्हणून सूत्रांवर वेळ घालवत नाही. ६ आणि ३ ओहम एकसर असतील तर ९, समांतर असतील तर २. समांतरचं उत्तर त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान यायलाच हवं. तसं नसेल तर हिशेब कुठेतरी चुकलाय. आणि 'गुणाकार भागिले बेरीज' ही युक्ती दोनच रोधांची आहे. ६-६ ओहमच्या तीन रोधांना ती लावली तर १२ येतात, खरं उत्तर २. ती तिघांना लावणं आता बंद करा.

खरा घोळ ओळखण्यात होतो. थोडा दोष शब्दाचाही आहे. 'समांतर' हा शब्द पोरं भूमितीच्या तासातून घेऊन येतात: शेजारी-शेजारी दोन रेघा, कुठेच न भेटणाऱ्या. विजेत नेमकं उलटं. समांतर रोध दोन्ही टोकांना भेटलेच पाहिजेत. नाही भेटले तर आकृतीत ते पट्टीने आखून शेजारी काढलेले असले तरी समांतर नाहीत. घरातला बल्ब ओसरीत आणि पंखा माजघरात, पण दोघांचं एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला, म्हणून ते समांतर. मधल्या भिंतीशी विजेला काही घेणंदेणं नाही.

एकसरचंही तसंच. एका ओळीत काढले म्हणजे एकसर झाले, हा समज सगळ्यांत चिवट. वरूड, मोर्शी, अमरावती हा रस्ता घ्या. वरूडहून निघालेली प्रत्येक गाडी मोर्शीवरून थेट अमरावतीलाच गेली असती, तर दोन्ही टप्प्यांवर गाड्या तेवढ्याच राहिल्या असत्या. पण मोर्शीला चांदूर बाजारचा रस्ता फुटतो. काही गाड्या तिकडे वळतात, काही तिकडून येऊन मिळतात. रस्ता सरळ दिसला तरी दोन टप्प्यांवरची वाहतूक वेगळी झाली. दोन रोधांच्या मधल्या बिंदूतून तिसरी वायर फुटली आणि तिच्यातून धारा जाऊ शकत असली, की ते दोन रोध एकसर राहत नाहीत. मधे फाटा नसेल तरच बेरीज करायची.

हे हातानं करून बघा. १ किलोओहमचे तीन रोध घ्या (अंगावरचे रंगीत पट्टे तपकिरी, काळा, तांबडा आणि शेवटी सोनेरी). ब्रेडबोर्डवर (भाग नुसते खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर) एका ओळीत लावा आणि बिंदूंना अ, ब, क, ड नावं द्या. अ ते ड मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावला की ३००० ओहमच्या आसपास दिसेल. आता अ आणि क एका वायरने जोडा. आकडा १००० वर येतो: पहिल्या दोन रोधांची मिळून दोन टोकं त्या वायरने एक झाली, ते गेले हिशेबाबाहेर. आता ब आणि ड दुसऱ्या वायरने जोडा. आकडा ३३३. रोध जागचे हललेले नाहीत, ओळ तीच, पण तिघेही आता समांतर आहेत. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के कमी-जास्त, तेव्हा ३२५ किंवा ३४० दिसलं तरी मीटरला नावं ठेवू नका.

कागदावर हेच अक्षरांनी होतं. नुसत्या वायरने जोडलेल्या सगळ्या बिंदूंना एकच अक्षर द्या, वायर कितीही लांब फिरून आलेली असो. मग प्रत्येक रोधासमोर त्याची दोन अक्षरं लिहा. वरच्या उदाहरणात क झाला अ, ब झाला ड. तिन्ही रोधांसमोर अ-ड हीच जोडी येते. जोडी सारखी म्हणजे समांतर. दोन्ही अक्षरं एकच आली तर तो रोध खोडा, तो शॉर्ट झालाय. आणि एखादं अक्षर फक्त दोनच रोधांत येत असेल तर ते दोन एकसर, पण एका अटीवर: त्या बिंदूला बॅटरीची वायर लागलेली नको. प्रत्येक जोड उरकला की यादी नव्याने लिहा.

ही अट पोरं हमखास विसरतात. बॅटरीची वायर हाही फाटाच आहे. त्रिकोण घ्या: अ-ब २ ओहम, ब-क ३, क-अ ५. 'गोल फिरतंय म्हणजे एकसर' म्हणत १० लिहून मोकळं व्हायचं, ही नेहमीची चूक. अ आणि ब मध्ये विचारलं तर ३ आणि ५ एकसर, त्यांचे ८ हे २ ला समांतर: १.६ ओहम. ब आणि क मध्ये २.१. क आणि अ मध्ये २.५. एकाच त्रिकोणाची तीन उत्तरं, आणि जे २ आणि ३ शेवटच्या वेळी एकसर होते ते पहिल्या वेळी नव्हते. म्हणून 'कोणत्या दोन बिंदूंमध्ये' हे न सांगता परिणामी रोध विचारणारा प्रश्नच अर्धवट आहे.

मीटरही याच कारणाने फसवतो. सर्किटमध्ये बसलेला रोध तसाच मोजला तर त्याच्याशी समांतर असलेलं सगळं मिळून आकडा येतो, बहुतेक वेळा कमी. सप्लाय बंद करा, रोधाचा एक पाय सोडवा, मग मोजा.

कधी ना जोडी सारखी येते, ना बॅटरी न लागलेलं कोणतं अक्षर फक्त दोनदा. अ-ब, अ-क, ब-ड, क-ड आणि मधे ब-क, असे पाच रोध, बॅटरी अ आणि ड ला. हा व्हीटस्टनचा सेतू. तो एकसरही नाही, समांतरही नाही, ओढूनताणून बसवू नका. आधी गुणोत्तर बघा: अ-ब १०, ब-ड २०, अ-क ५, क-ड १०. दोन्हीकडे १:२, म्हणून ब आणि क मध्ये विभवांतर शून्य आणि मधल्या रोधातून धारा नाही. तो काढून टाका. ३० आणि १५ समांतर, उत्तर १० ओहम. गुणोत्तर जुळत नसेल तर किरचॉफचे नियम (बिंदूवरच्या धारांचा आणि बंद वाटेवरच्या विभवांतरांचा हिशेब) लावा.