एका धारेवर तोललेला वेग

मार्च २०१४, रशियातलं सोची. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये बसून स्कीइंग करणाऱ्या महिलांची स्लॅलम, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याची शर्यत चालू होती आणि जर्मनीच्या अ‍ॅना शाफेलहूबरला पहिल्या फेरीनंतर बाद ठरवण्यात आलं. निघताना तिच्या हातांतल्या आधाराच्या कुबड्या, म्हणजे आउटरिगर, पूर्ण स्थिर नव्हत्या, असा आक्षेप होता. दाद मागितल्यावर हा निर्णय फिरला आणि सुवर्णपदक तिच्याकडे आलं. डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या शर्यती, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या वळणांच्या, आणि दोन्ही मिळून होणारी सुपर कंबाइंड, अशी पाचच्या पाच सुवर्णपदकं तिने त्या स्पर्धेत जिंकली. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

अ‍ॅनाचा जन्म १९९३ सालचा, बव्हेरियातल्या रेगेन्सबुर्गचा. कमरेखालच्या भागात जन्मापासूनच अंशतः पक्षाघात. पाच वर्षांची असताना ती पहिल्यांदा मोनोस्कीवर बसली.

मोनोस्की म्हणजे शरीराच्या मापाने घडवलेली घट्ट बैठक, तिच्याखाली स्प्रिंग आणि शॉक अब्जॉर्बर, आणि सगळ्यात खाली एकच स्की. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे टोकाला छोटी स्की जोडलेल्या कुबड्या. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांनी कुबड्यांना आखूड स्की बांधून पुन्हा डोंगर उतरायला सुरुवात केली, तिथून ही कल्पना पुढे आली.

उभा स्कीपटू खाचखळगे झेलतो ते घोटे, गुडघे आणि कंबर वाकवून. मोनोस्कीत हे काम शॉक अब्जॉर्बरकडे जातं. पण गुडघा ताठ ठेवायचा की सैल सोडायचा, हे उभा खेळाडू क्षणाक्षणाला ठरवत असतो. शॉक अब्जॉर्बर किती कडक ठेवायचा ते मात्र निघण्याआधीच ठरवावं लागतं. बर्फ अंदाजापेक्षा वेगळा निघाला तर सावरायला उरतात फक्त धड आणि हात. सोचीत त्या दिवसांत हवा उबदार होती, बर्फ दुपारपर्यंत भुसभुशीत व्हायचा, आणि बसून खेळणारे बरेच जण उतारावर कोसळले. त्या उतारावरची पाच सुवर्णं मला म्हणूनच फार मोठी वाटतात.

खरी कसोटी लागते वळणावर. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते आणि स्कीचा आकार मध्ये अरुंद, टोकांना रुंद असतो. स्की कलंडवली की धार बर्फात रुतते, स्की वाकते आणि आपोआप कमानीसारखी वळते. सायकलस्वार वळणावर आत झुकतो, तसंच खेळाडूलाही झुकावं लागतं. ढोबळ हिशेब करून पाहू. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि वळणाची त्रिज्या २० मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की त्वरण येतं २० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दुप्पट. उताराचा परिणाम बाजूला ठेवला तरी उभ्या रेषेपासून ६० अंशांहून जास्त झुकावं लागतं, आणि शरीराला स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पट भार जाणवतो. तो सगळा भार एका धारेवर. दोन पायांवरचा खेळाडू पाय आत झुकवून धड बरंचसं सरळ ठेवू शकतो. मोनोस्कीवर पाय, बैठक आणि स्की एकसंध असतात, त्यामुळे कलायचं ते धडाच्या बळावर. आउटरिगर तोल सांभाळायला आणि वळणाचा अंदाज घ्यायला असतात. त्यांच्यावर फार रेललं की वेग गेलाच.

धडावर ताबा किती, यावरूनच बसून खेळणाऱ्यांचे वर्ग पडतात. त्यांना एलडब्ल्यू १० ते १२ अशी नावं आहेत. एलडब्ल्यू १० मध्ये हा ताबा सर्वांत कमी असतो, एलडब्ल्यू १२ मध्ये सर्वांत चांगला. सगळे एकाच शर्यतीत उतरतात आणि प्रत्येकाच्या वेळेला त्याच्या वर्गाचा गुणक लावला जातो. समजा, एखाद्याला ७० सेकंद लागले आणि गुणक ०.८० असला, तर निकालात धरायचे ५६ सेकंद. म्हणजे घड्याळात मागे असलेला खेळाडू निकालात पुढे जाऊ शकतो. प्रेक्षकांना हे खटकतं, पण वेगवेगळ्या शरीरांना एकाच उतारावर आणायचं तर याहून न्याय्य मार्ग मला तरी दिसत नाही.

अ‍ॅना एलडब्ल्यू १० गटातली. तिचीच संघसहकारी अ‍ॅना-लेना फोर्स्टर हिला जन्मतः उजवा पाय नाही, पण धड मजबूत. तिचा गट एलडब्ल्यू १२. सोचीच्या त्या स्लॅलममध्ये अ‍ॅना बाद राहिली असती तर सुवर्ण फोर्स्टरचं होतं. २०१८ च्या पॅरालिम्पिकमध्ये, दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला, अ‍ॅनाने डाउनहिल आणि सुपर-जी जिंकल्या, तर फोर्स्टरने स्लॅलम आणि सुपर कंबाइंड. त्या सुपर कंबाइंडमध्ये रौप्य अ‍ॅनाचं होतं. पुढच्याच वर्षी, पॅरालिम्पिकची सात सुवर्णपदकं नावावर असताना, २६ व्या वर्षी ती निवृत्त झाली. फोर्स्टर खेळत राहिली आणि २०२२ ला बीजिंगमध्ये तिने तेच दोन प्रकार पुन्हा जिंकले.