वारसा यादीतल्या घराची दुरुस्ती: मुंबईत परवानगी कशी घ्यायची

फोर्टातले एस्प्लनेड हाऊस जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकात राहण्यासाठी बांधून घेतले. अशी वास्तू जपायला नियम हवेत हे सगळ्यांनाच पटते. पण वारसा यादीत नाव असेल, तर आपल्या जुन्या घरालाही तेच नियम लागतात, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईत हे नियम १९९५ पासून आहेत.

दुरुस्ती, गिलावा, खिडक्या-कठडे बदलणे, इतकेच काय, रंग देण्यासाठीही महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आयुक्त त्यासाठी साधारणपणे मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात.

आधी वारसा यादीत घराची श्रेणी पाहा. श्रेणी १ मध्ये इमारतीचे आयुष्य वाढवण्यापुरतेच काम करता येते, आतूनही आणि बाहेरूनही. २-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर शक्य असतो. बाहेरच्या बदलांची कसून छाननी होते. २-ब मध्ये, घराशी जुळेल अशी वाढीव इमारत काही परिस्थितीत त्याच आवारात बांधू देतात. श्रेणी ३ ला सर्वांत जास्त मोकळीक.

अर्ज मालकाच्या नावाने, वास्तुविशारदामार्फत करावा. भाडेकरू असाल तर मालकाचे संमतिपत्र आधी मिळवा. मालमत्ता पत्रक, जागेचा नकाशा, सध्याचे आणि प्रस्तावित आराखडे, सर्व बाजूंचे फोटो आणि संरचना अभियंत्याचा अहवाल फाइलला जोडा.

माझ्या मते फाइलचा जीव कामाच्या पद्धतीच्या टिपणात असतो. 'भिंत दुरुस्त करणे' एवढेच लिहून भागत नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचे ठिगळ लावले की आतली ओल कोंडते. मग ठिगळाच्या कडेने पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटतो, बोट लावले की पिठासारखा झडतो, आणि पुढच्या पावसाळ्यांत शेजारचा धड गिलावाही फुगतो. म्हणून कुठल्या भिंतीला चुना, वाळू किती, लाकूड कुठले, काय काढणार आणि काय तसेच ठेवणार, हे खोलीवार लिहा. प्रत्येक खराब जागेचा जवळून काढलेला फोटो त्या-त्या ओळीशेजारी लावा.

परवानगी हातात येईपर्यंत परांची बांधू नका. काम सुरू झाल्यावर आधी हातभर जागेवर नमुना करून वाळू द्या आणि वास्तुविशारदाला दाखवा. कंत्राटदार घाई करेल, तरी थांबा.