अक्षांशाचा कोन पृथ्वीच्या केंद्रात नसतो

कोल्हापूरचा अक्षांश सुमारे 16.70 अंश उत्तर आणि रेखांश 74.24 अंश पूर्व आहे. जीपीएस यंत्र मात्र उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून स्थान काढताना या अंशांत हिशेब करत नाही. पृथ्वीचे वस्तुमानकेंद्र शून्य धरून ते एक्स, वाय आणि झेड या एकमेकांना लंब असलेल्या तीन अक्षांवरची अंतरे मोजते. या भूकेंद्रीय पद्धतीत कोल्हापूरचे निर्देशांक अनुक्रमे 1660, 5882 आणि 1821 किलोमीटरच्या आसपास येतात.

एका पद्धतीतून दुसरीत जाताना पहिली अडचण शाळेत शिकलेल्या व्याख्येचीच असते. अक्षांश म्हणजे केंद्रापाशी होणारा कोन, हे फक्त अचूक गोलाच्या बाबतीत खरे आहे. जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस 84 या जागतिक मानकातली पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे: विषुववृत्तीय त्रिज्या 6378.137 किलोमीटर, ध्रुवीय त्रिज्या सुमारे 21 किलोमीटरने कमी. म्हणून नकाशातला अक्षांश हा या चपट्या पृष्ठभागावरचा लंब विषुववृत्ताच्या प्रतलाशी करतो तो कोन असतो, आणि विषुववृत्त व ध्रुव सोडले तर हा लंब केंद्रातून जातच नाही. कोल्हापूरसाठी केंद्रापाशी मोजलेला कोन सुमारे 16.59 अंश भरतो. फरक क्षुल्लक वाटेल, पण या दोन कोनांची गल्लत झाल्यास रंकाळ्याचा बिंदू साडेअकरा किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, जवळजवळ कागलच्या अक्षांशावर जाऊन पडेल.

अक्षांश, रेखांश आणि उंची यांवरून तीन अंतरे काढणे सरळ सूत्राचे काम आहे. उलट दिशेने रेखांशही एक्स आणि वाय यांच्या गुणोत्तरावरून, चिन्हांचे भान ठेवले की, लगेच मिळतो. अक्षांश मात्र अडतो, कारण त्याच्या सूत्रात पृष्ठभागापासून पृथ्वीच्या अक्षापर्यंतच्या लंबाची लांबी लागते आणि ती लांबी स्वतः अक्षांशावरच अवलंबून असते. म्हणून संगणक एक अंदाज धरतो, लांबी काढतो, त्यावरून अक्षांश सुधारतो आणि फरक नगण्य होईपर्यंत हेच करत राहतो. बोरिंग या भूमापनतज्ज्ञांनी 1976 साली सुचवलेले सूत्र जमिनीलगतच्या बिंदूंसाठी एकाच फेरीत मिलिमीटरहूनही बारीक उत्तर देते, त्यामुळे ते आजही आवडीने वापरले जाते. ध्रुवाजवळ उंचीच्या नेहमीच्या सूत्रात शून्याने भागण्याची वेळ येते. तिथे वेगळे सूत्र लागते.

हा खटाटोप आपल्याकडे विशेष कामाला येतो तो जुन्या टोपोशीटसाठी, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भूरूपदर्शक नकाशांसाठी. हे नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाच्या चपट्या गोलावर आधारलेले असून त्याचे केंद्र डब्ल्यूजीएसच्या केंद्राशी जुळत नाही. त्यांवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उचलले, तर कोल्हापूर परिसरात बिंदू शंभर-दीडशे मीटर हलतो. म्हणून जुने अंश आधी भूकेंद्रीय अंतरांत बदलतात, भारतासाठी ठरलेली सरक त्या अंतरांत मिळवतात (एका प्रचलित संचात ती 295, 736 आणि 257 मीटर आहे) आणि मग नव्या गोलावरचे अंश काढतात. यातून मिळणारी उंची मात्र गणिती पृष्ठभागापासूनची असते; समुद्रसपाटीपासूनची हवी असेल, तर जिऑइडची (गुरुत्वाकर्षणानुसार ठरणाऱ्या सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागाची) दुरुस्ती वेगळी करावी लागते.