कल्हई, स्टील आणि जंतू

खानदेशातल्या पंगतीची मोठी पातेली पूर्वी तांब्या-पितळेची असत आणि कल्हई केल्याशिवाय चुलीवर चढत नसत. गंमत म्हणजे जंतू मारतं ते तांबं, कल्हईचं कथील नव्हे. तरीही तांबं कथिलाने झाकावंच लागे; ताक-चिंचेच्या आंबटात तांबं उतरतं, अन्न कळकतं, उलट्या होतात. १९५५च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनीही नीट कल्हई नसलेली अशी भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली. कथील २३२ अंशांना वितळतं. पण भांड्याला तेलकटपणा राहिला, तर नवसागर टाकूनही ते धरत नाही आणि महिनाभरात तांबं उघडं पडतं.

अत्यल्प तांब्यानेही पाण्यातलं शेवाळ मरतं, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांचं निरीक्षण १८९३मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. अन्नउद्योगाने मात्र वेगळी वाट धरली. १९१३मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी झिजेला टिकणारं पोलाद शोधत होते. त्यातून स्टेनलेस स्टील पुढे आलं. आजचं ३०४ स्टील, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, एकही जंतू मारत नाही. ते फक्त धुतलं की स्वच्छ होतं, आणि आमच्या मते तेच मोलाचं. अन्न लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवतात. तारेच्या घासणीने चरे पडले की त्यांत जंतूंचा चिकट थर बसतो, मग फडका वरूनच फिरतो.

स्टीलचा ओटा आधी साबणाने धुवावा. मग लिटरभर पाण्यात ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ५ मिली घालून (२०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २०० भाग) दोन मिनिटं ठेवावं आणि धुऊन टाकावं. तसंच वाळू दिलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. कमी निकेलच्या, स्वस्त २०० मालिकेच्या स्टीलच्या पत्र्याला लवकरच.

भरीत ठेचायच्या लाकडी भांड्याला उगाच बदनाम करू नये: कोरडं लाकूड ओल शोषतं, आत गेलेले जंतू बहुतांशी वाळून मरतात. भेगाळलेलं किंवा सतत ओलं राहणारं लाकूड मात्र टाकूनच द्यावं.

‘अँटीबॅक्टेरियल’, म्हणजे जंतू मारणाऱ्या पृष्ठभागांची लाट जपानमध्ये १९९६च्या साकाई इथल्या ई. कोलाय साथीनंतर उसळली. २०००मध्ये तिथे चाचणीचं मानक आलं: जंतूंचं पाणी पातळ फिल्मखाली ३५ अंशांवर, दमट हवेत २४ तास ठेवायचं, ९९ टक्के घट झाली की उत्तीर्ण. अशा अनेक पृष्ठभागांत जंतू मारतात ते चांदीचे आयन (विद्युतभारित कण), आणि ते सुटायला ओल लागते. जळगावच्या एप्रिलमधला कोरडा ओटा आणि त्यावरचा शेवेच्या तेलाचा थर या चाचणीत नसतो.