हेलिकॉप्टरचे उड्डाण-छायाचित्रण

उडत्या हेलिकॉप्टरचा सांगाडा स्पष्ट, पण फिरती पाती पुसट दिसतील असे छायाचित्र घेण्याची पद्धती. जेट विमान १/२००० सेकंदाला टिपले तरी चित्रातला वेग हरवत नाही. हेलिकॉप्टर त्याच शटरवर टिपले की पाती थिजतात आणि यंत्र बंद पडून हवेत लटकल्यासारखे भासते. म्हणून येथे शटर मुद्दाम मंद, म्हणजे अधिक वेळ उघडे, ठेवतात.

किती मंद, याचे उत्तर म्हणून १/१२५ किंवा १/६० सेकंद असा एकच आकडा सांगण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. शटर उघडे असताना पाते किती अंश फिरले, हेच खरे माप. मिनिटाच्या फेऱ्यांना सहाने गुणले की पाते सेकंदाला किती अंश फिरते ते कळते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर (डोक्यावरील फिरत्या पात्यांचा संच) मिनिटाला सुमारे ३१४ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १,८८४ अंश. १/१००० सेकंदात त्याचे पाते दोन अंशही फिरत नाही. १/२५० ला साडेसात, १/१२५ ला पंधरा आणि १/६० ला सुमारे एकतीस अंश फिरते. त्याच १/१२५ ला रॉबिन्सन आर-२२ चे पाते सुमारे २४ अंश, एमआय-१७ चे ९ अंश, तर अवाढव्य एमआय-२६ चे जेमतेम ६ अंश जाते. मोठे रोटर सावकाश फिरतात, कारण पात्याच्या टोकाचा वेग ध्वनिवेगापासून बराच खाली राखावा लागतो. बहुतेक हेलिकॉप्टरांत तो सेकंदाला २०० ते २२५ मीटरच्या आसपास असतो. शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या साधारण चार ते सहा पट वेगाने फिरत असल्याने तो आधीच पुसट होतो. मुख्य पाती थिजलेली आणि शेपटीकडे मात्र धूसर चकती, असे विजोड चित्र त्यामुळेच मिळते.

पुसटपणा पात्यावर सर्वत्र सारखा नसतो. ध्रुवच्या रोटरचा व्यास १३.२ मीटर आहे. १/१२५ सेकंदात पात्याचे टोक सुमारे पावणेदोन मीटर सरकते. पाते अर्धा मीटर रुंद धरले, तर टोकाजवळचा आकाशाचा एखादा बिंदू त्या अवधीत तीन-दशांशाहूनही कमी वेळ झाकला जातो. मुळाशी सरकणे थोडे, म्हणून तेथे पाते गडद व ठसठशीत उमटते आणि टोकाकडे ते विरत जाते. चांगले चित्र ओळखण्याची ही साधी खूण आहे. संगणकावर नंतर घातलेल्या धूसरतेत हा मुळापासून टोकापर्यंतचा उतार बहुधा साधत नाही.

वास्तव चित्र कोणते, याविषयी दोन मते आहेत. डोळ्याला सलग चकती दिसते, तेव्हा चित्रातही पूर्ण चकतीच हवी, असे एक मत. त्यासाठी प्रत्येक पाते पुढच्या पात्याच्या जागी पोचेपर्यंत शटर उघडे हवे : चार पात्यांच्या ध्रुवला सुमारे १/२१ सेकंद, तीन पात्यांच्या चेतकला १/१८, पाच पात्यांच्या एमआय-१७ ला १/१६, तर चिनूकला १/११. दुसरे मत असे की, पाती मोजता यावीत आणि फिरतीही दिसावीत. पंधरा ते चाळीस अंशांची फिरक त्यास पुरते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पूर्ण चकतीत रोटर इतका विरळ होतो की उजळ आकाशावर तो नाहीसाच होतो, आणि एवढ्या मंद शटरवर सांगाडा स्पष्ट राहणे हा बव्हंशी योगायोग असतो.

हातातल्या कॅमेऱ्यासाठी भिंगाच्या केंद्रांतराइतका शटर हवा, हा जुना संकेत : ४०० मिमी. ला १/४००. येथे तो मोडावाच लागतो. आडव्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा समगतीने वळवणे, म्हणजे पॅनिंग, हा त्यावरचा मुख्य उपाय होय. कॅननने १९९५ मध्ये एसएलआर कॅमेऱ्यांसाठी स्थिरीकरण (हाताची थरथर सावरण्याची सोय) असलेले ७५–३०० मिमी. भिंग आणल्यावर हे काम सुकर होत गेले. भर उन्हात अडचण वेगळीच येते. आयएसओ (संवेदकाची प्रकाशसंवेदनक्षमता) १०० असताना शटर १/१०० ठेवले तर भिंगाचे छिद्र एफ/१६ पर्यंत लहान करावे लागते. मग विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्र मऊ पडते आणि संवेदकावरची धूळ आकाशात ठिपक्यांनी उमटते. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर अशा वेळी उपयोगी पडतो.

पाती पुसट होणे वेगळे आणि वाकडी होणे वेगळे. ही गल्लत वारंवार होते. फोकल-प्लेन शटरची, म्हणजे संवेदकालगतच्या पडद्यांच्या शटरची, फट चौकटीवरून सरकत जाते, त्यामुळे चित्राचे सर्व भाग एकाच क्षणाचे नसतात. यांत्रिक शटरला चौकट ओलांडण्यास सुमारे १/२५० सेकंद लागते. तेवढ्यात ध्रुवचे पाते सुमारे साडेसात अंशच फिरते व बाक नजरेत भरत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरवर संवेदक ओळीओळीने वाचण्यास १/३० सेकंद लागले, तर तेच पाते साठाहून अधिक अंश फिरते आणि कोयत्यासारखे वाकलेले उमटते. शटर कितीही जलद लावले तरी हा दोष जात नाही. सर्व बिंदू एकदम वाचणारा ग्लोबल शटर तो मुळातून टाळतो. पूर्ण-चौकटीच्या अदलाबदली भिंगांच्या कॅमेऱ्यांत तो प्रथम सोनीच्या अल्फा ९ III मध्ये (२०२३) आला.

या विकृतीचा अभ्यास छायाचित्रणाहून जुना आहे. उभ्या गजांच्या कुंपणामागून जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे आरे वाकडे दिसतात, याचे गणिती विवेचन लंडनचे वैद्य पीटर मार्क रॉजे यांनी रॉयल सोसायटीत केले. निबंध डिसेंबर १८२४ मध्ये वाचला गेला व १८२५ मध्ये छापला गेला. म्हणून दोन्ही वर्षे दिलेली आढळतात. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये हा विषय प्रयोगांनी पुढे नेला. छायाचित्रातील सर्वांत परिचित उदाहरण झाक-आंरी लार्तिग यांचे : शर्यतीच्या मोटारीचे चाक पुढे कललेले लंबवर्तुळ, तर प्रेक्षक उलट मागे झुकलेले. कॅमेरा मोटारीबरोबर वळत होता, पण तिच्याहून मंद. त्यामुळे दोन्ही कल एकाच चित्रात आले. हे चित्र दीर्घकाळ १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीचे मानले गेले. मोटार व तिच्यावरील क्रमांक पाहता ते १९१३ च्या आम्यँ येथील शर्यतीचे असावे, हे नंतरचे मत अधिक सयुक्तिक दिसते.

रात्रीच्या चित्रणात वाळवंटी धुळीत उतरणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांभोवती ठिणग्यांची कडी दिसते. अमेरिकन छायाचित्रकार मायकेल यॉन यांनी २००९ मध्ये अफगाणिस्तानातील चित्रांवरून, तेथील युद्धात कामी आलेल्या कॉप व एचेल्स या दोन सैनिकांच्या स्मरणार्थ तिला कॉप-एचेल्स परिणाम असे नाव दिले. कारण म्हणून स्थिर विद्युत सांगितली जाई. पात्याच्या पुढच्या कडेवरील धातूची पट्टी वाळूने झिजून तिचे कण हवेत पेटतात, हे स्पष्टीकरण आता अधिक मान्य आहे.

भारतात या चित्रणाची संधी मुख्यतः जाहीर प्रात्यक्षिकांत मिळते : येलहंका येथील एरो इंडिया, हवाई दलाच्या ध्रुव हेलिकॉप्टरांच्या ‘सारंग’ पथकाच्या कसरती आणि मुंबईत गेट-वे ऑफ इंडियासमोर होणारी नौदल दिनाची प्रात्यक्षिके. गेट-वेचे पाणी पूर्वेला असल्याने दुपारनंतर ऊन पाहणाऱ्याच्या पाठीमागून येते. धक्क्यावर इमारतींची सावली पडली तरी पाण्यावरची चेतक व सी किंग हेलिकॉप्टरे उजळलेली राहतात, आणि ऊन उतरत जाते तसे १/१०० चे शटर फिल्टरविना साधते. शासकीय विमानतळावर परवानगीविना छायाचित्रे घेण्यास विमान नियम १९३७ मधील १३ व्या नियमाने मनाई आहे.