परस्पर संमतीने घटस्फोट: अर्ज नेमका कुठे अडतो

दोघं राजी आहेत, भांडण उरलेलं नाही, तरी पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तारखांवर तारखा पडतात. बहुतेकदा कारण कागदातच असतं.

आधी एक गोष्ट. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की काडीमोड झाला, असं अजूनही लोकांना सांगितलं जातं. हिंदू विवाह कायद्याखाली असा कागद घटस्फोट ठरत नाही. एखाद्या समाजाची तशी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करू नका. पहिलं लग्न कायम असल्याने दुसरं रद्दबातल ठरतं, वर फौजदारी गुन्हाही होतो.

परस्पर संमतीचा घटस्फोट याच कायद्याच्या कलम १३ब मध्ये येतो. ते म्हणतं, अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. वर्ष मोजायचं ते वेगळं झाल्यापासून, लग्नापासून नव्हे. घराचं भाडं परवडत नाही म्हणून कित्येक जोडपी एकाच फ्लॅटमध्ये वेगळ्या खोल्यांत राहतात आणि आपला अर्ज बसणारच नाही असं धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे की एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसतील तर ते वेगळं राहणंच आहे. अर्जात तसं स्पष्ट लिहा. आणि तारीख दोघांनी एकच सांगा! अर्जात जून, समुपदेशकासमोर ऑगस्ट, असं झालं की प्रश्न सुरू होतात.

सर्वांत जास्त गैरसमज सहा महिन्यांचा. अर्ज टाकला, सहा महिने गेले, घटस्फोट आपोआप मिळाला, असं होत नाही. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची असते. तोवर दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतं. ही सहा महिन्यांची मुदत माफ होते, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने ती वाट मोकळी झाली, पण मागितली की मिळाली असं नाही. पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा निकाल लागलेला हवा. माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्याने करता येतो. अकरा-बारा महिने वेगळं राहून लगेच माफी मागणाऱ्यांचे हेलपाटे मी पाहिले आहेत, फार वाईट वाटतं.

समझोत्याच्या अटींत ‘आपसांत ठरल्याप्रमाणे’ हे शब्द कधीही लिहू नका. रक्कम किती, कोणत्या तारखेला, चेकने की खात्यावर, स्त्रीधनातली कोणती वस्तू परत मिळाली, सगळं लिहा. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या अटी बँकेला बांधत नाहीत. नाव काढायला बँकेची वेगळी मंजुरी लागते. घाईत आई मुलाची पोटगी सोडून देते, पण तो मुलाचा हक्क आहे, पुढे मागता येतो. छळाचा गुन्हा नोंदवला असेल तर तो या न्यायालयात मिटत नाही, रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यासाठी कोण सह्या करणार, हेही अटींत घाला.

कागदपत्रं साधीच: विवाह प्रमाणपत्र, दोघांचे आधार आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, मुलांचे जन्मदाखले. लग्नाची नोंदणी नसेल तर घाबरू नका. हिंदू विवाह नोंदणीअभावी अवैध होत नाही. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो आणि प्रतिज्ञापत्र द्या. केवळ घटस्फोटासाठी आता विवाहनोंदणी करत बसायची गरज नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे फलक वाचून कुणाला कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

हुकूम झाला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा, दोन-तीन तरी. पासपोर्ट, बँक, पुढचं लग्न, सगळीकडे तीच मागतात.